आंदोलनाला किती व्होल्ट लागतात?

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे भाग (मॉड्यूलं) केबलींनी जोडून आवाज घडवायचं वाद्य. ते पहिल्यांदा पाहणारा माणूस केबली बघून दचकतो. शे-दीडशे जॅक, जवळजवळ तेवढेच नॉब आणि इकडून तिकडे गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. कोणती वायर कुठे जाते हे पाठ करायला घेतात आणि कंटाळून सोडून देतात असे बरेच जण मी पाहिलेत. मला त्याचं वाईट वाटतं, कारण पाठ करण्यासारखं तिथे फारसं काही नाहीच. कंट्रोलची कुठलीही केबल घ्या आणि तीन गोष्टी विचारा: ही कुणाकडून आली, कुणाचा नॉब फिरवते, आणि किती फिरवते. पहिल्या दोन गोष्टी पॅनेलवर छापलेल्या असतात. तिसरी कानाने ठरवावी लागते, आणि सगळी कला त्या तिसरीतच आहे.

आधी नॉब फिरवणं म्हणजे काय ते पाहू. ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर स्वर निर्माण करतो, फिल्टर त्यातला वरचा झणझणीतपणा कापतो आणि ॲम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो. ऑसिलेटरचा नॉब उजवीकडे फिरवला की स्वर चढतो, फिल्टरचा फिरवला की आवाज उघडतो. पण हाताने सेकंदाला किती वेळा फिरवणार, आणि दर वेळी तितकाच कसा फिरवणार? म्हणून या प्रत्येकाला एक जॅक दिलेला असतो. त्या जॅकवर येणारं व्होल्टेज आतून नॉबचंच काम करतं. तेच कंट्रोल व्होल्टेज, बोलताना नुसतं सीव्ही. आपल्याकडे गोव्यात खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेतांच्या, बांधात मानस असते, पाणी आत-बाहेर सोडणारी झडप. भरतीचं पाणी तिची लाकडी दारं लोटून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ती उघडून बाहेर पडतं. दर भरतीला दार लावायला माणूस उभा राहत नाही, पाण्याची पातळीच दार चालवते. सिंथेसायझरमध्ये पातळी व्होल्टेजची असते, एवढाच फरक. व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर म्हणजे व्हीसीओ, फिल्टर म्हणजे व्हीसीएफ, ॲम्प्लिफायर म्हणजे व्हीसीए.

व्होल्टेज पुरवणारेही ठरलेले आहेत. कीबोर्ड किंवा सिक्वेन्सर (ठरवून ठेवलेले स्वर ओळीने देणारं मॉड्यूल) कोणता स्वर ते सांगतो. एलएफओ संथपणे वर-खाली झुलणारं व्होल्टेज देतो. सेकंदाला पाच-सहा झोके असोत की दहा सेकंदांत एक, तो स्वतः ऐकू येत नाही. एन्व्हलप कळ दाबली की चढतो, ठरल्या पातळीवर उतरून थांबतो आणि कळ सोडली की शून्यावर येतो. कळ दाबली आहे की नाही एवढीच खबर देणारं व्होल्टेज म्हणजे गेट.

ही कल्पना अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर काम करताना १९६४ मध्ये प्रत्यक्षात आणली. साधारण त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला स्वतंत्रपणे तेच करत होते. बुक्लांनी आवाजाचे जॅक वेगळे आणि कंट्रोलचे जॅक वेगळे ठेवले. मूग यांनी दोन्हींना एकच जॅक वापरला, त्यामुळे काहीही कशालाही जोडता येऊ लागलं. आज सगळ्यात जास्त दिसणारी युरोरॅक पद्धत १९९०च्या दशकाच्या मध्यात डीटर डोप्फर यांच्या जर्मन कंपनीने आणली. तिच्यातही ३.५ मिलिमीटरचा एकच जॅक सगळीकडे असतो. आणि हे सगळं परदेशातच घडलं असं समजू नका. १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर बसवून स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई आणि इतर भारतीय संगीतकारांनी त्यावर काम केलं. त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या टेप पुढे अनेक वर्षं पडून होत्या. आपल्या कानाने या यंत्राकडे पाहणारे लोक इतक्या आधी होऊन गेले, याचा मला अभिमान वाटतो.

एक व्होल्ट, एक सप्तक

मूग यांनी ठरवलेलं आणि आज बहुतेकांनी स्वीकारलेलं माप साधं आहे: व्होल्टेज एकने वाढलं की स्वर एका सप्तकाने चढतो. मध्य षड्जाला शून्य व्होल्ट धरले तर तार षड्ज एक व्होल्टवर आणि मंद्र षड्ज उणे एक व्होल्टवर. पियानोच्या हिशेबाने सप्तकाचे बारा सारखे तुकडे, म्हणजे एक अर्धस्वर ८३.३ मिलिव्होल्टचा.

पण व्होल्टेजला बारा तुकडे माहीत नसतात. ते अखंड आहे. शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा, म्हणजे ०.३२२ व्होल्ट. हार्मोनियमच्या पट्टीवरचा गंधार ०.३३३ व्होल्ट. फरक ११ मिलिव्होल्टचा, पण अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर जवळजवळ १४ सेंट होतात, आणि तानपुऱ्यावर बसलेल्या कानाला ते लगेच टोचतात. हार्मोनियमला ती पट्टी बदलता येत नाही. व्हीसीओला येते. षड्ज काळी एकला लावा, एका नॉबच्या व्होल्टेजने गंधार कानाने जुळवा, कोणीही तुम्हाला ०.३३३ वर आणून बसवणार नाही. फक्त क्वांटायझर नावाचं मॉड्यूल मध्ये असलं तर ते येणारं व्होल्टेज जवळच्या अर्धस्वरावर ढकलतं. पाश्चात्त्य चालीसाठी ते उपयोगी आहे. रागासाठी मी ते काढून टाकायला सांगेन. मिंडेसाठी स्लू लिमिटर वापरतात. व्होल्टेजची एकदम होणारी उडी तो ठरल्या वेगाने चढवतो. षड्जावरून पंचमावर जाताना ०.५८५ व्होल्टचं अंतर तो उडी न मारता सरकत कापतो.

तीनशेवा भाग

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. माझ्याकडे फोंड्याचा एक मुलगा शिकायला येतो, भजनाला हार्मोनियम वाजवतो. कान तयार आहे. त्याला आंदोलन, म्हणजे स्वराला दिलेला संथ झोका, हवं होतं. त्याने एलएफओची केबल थेट व्हीसीओच्या पिचच्या, म्हणजे स्वराच्या उंचीच्या, जॅकमध्ये घातली आणि म्हणाला, “सर, मला आंदोलन पाहिजे होतं, हा तर सायरन वाजतोय.”

“अरे, केबल बरोबर आहे,” मी म्हटलं. “किती पाठवतोयस ते बघ.”

हिशेब असा. त्या एलएफओचा झोका उणे पाचपासून अधिक पाच व्होल्टपर्यंत. एक व्होल्टला एक सप्तक, म्हणजे स्वर पाच सप्तकं वर आणि पाच सप्तकं खाली. ४४० हर्ट्झच्या स्वरावर हे लावलं तर तो वर १४,०८० हर्ट्झपर्यंत जातो आणि खाली १३.७५ हर्ट्झपर्यंत, जिथे स्वर संपून नुसते ठोके उरतात. आता गाण्यात शोभेल एवढा कंप घ्या, स्वराच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंट. त्याला लागतात सुमारे १७ मिलिव्होल्ट. पाच व्होल्टचा तीनशेवा भाग. बाकीचे दोनशे नव्याण्णव भाग वाटेत अडवायचे आहेत.

अडवण्याचं काम ॲटेन्युएटर करतो. तो एक साधा नॉब असतो, येणारं व्होल्टेज कमी करून पुढे देतो. पण नेहमीचा नॉब साधारण ३०० अंश फिरतो. तीनशेवा भाग हवा तर तो शून्यापासून एक अंश हलवायचा. बोटाने ते जमत नाही. त्या मुलानेही नॉब अगदी जपून हलवला, तरी कंप एकदम अर्ध्या सप्तकाएवढा झाला. उपाय सोपा आहे: दोन ॲटेन्युएटर एकापुढे एक लावायचे. पहिला दहावा भाग पुढे सोडतो, दुसऱ्याला तिसावा भाग सोडायचा राहतो, आणि आता त्या दुसऱ्यावर दहा अंश हाताशी येतात. बऱ्याच व्हीसीओंना पिचच्या मुख्य जॅकशेजारी दुसरा जॅक असतो आणि त्याला स्वतःचा नॉब असतो. कंप, आंदोलन, गमक सगळं तिथूनच द्यावं. मुख्य जॅक स्वरासाठी मोकळा ठेवावा. दोन्हींची व्होल्टेजं आत बेरीज होऊन ऑसिलेटरला पोचतात.

पंधरा-वीस मिनिटांत त्याला वीस सेंटचा कंप सापडला. मग म्हणाला, “पण हे दरबारी नाही, सर.” बरोबर होतं त्याचं. एलएफओ स्वराच्या दोन्ही बाजूंना सारखा झुलतो. दरबारीच्या कोमल गंधाराची ओढ खाली ऋषभाकडे असते. मग झोका खाली सरकवायला हवा. एलएफओला थोडं वाढवायचं आणि त्यात एक स्थिर उणे व्होल्टेज मिळवायचं. त्याला ऑफसेट म्हणतात. उणे २५ पासून अधिक २५ मिलिव्होल्टचा झोका आणि उणे २५ चा ऑफसेट, म्हणजे शून्यापासून उणे ५० मिलिव्होल्टपर्यंत, स्वरापासून साठ सेंट खाली जाऊन परत. झोका उलटा करायचा असला तर ॲटेन्युव्हर्टर लागतो. त्याचा नॉब मध्यावर शून्य असतो, उजवीकडे सुलटा, डावीकडे उलटा. मला विचाराल तर नवख्याने पहिला जास्तीचा खर्च तिसऱ्या ऑसिलेटरवर करू नये. ॲटेन्युव्हर्टर आणि ऑफसेट देणारं स्वस्तातलं मॉड्यूल घ्यावं. माझ्या रॅकमध्ये सगळ्यात जास्त हात त्यालाच लागतो.

एवढं करूनही आंदोलन यंत्राचं वाटतं, कारण ते पहिल्या क्षणापासून तेवढंच आणि तसंच असतं. गवई स्वर आधी लावतो, तो ठरला की मग हलवतो. हे पॅच करता येतं, म्हणजे केबलींनी जोडून साधता येतं, आणि माझ्या मते कंट्रोल व्होल्टेजचं खरं सामर्थ्य इथे दिसतं. एलएफओ थेट व्हीसीओकडे न नेता वाटेत व्हीसीएमधून न्यायचा. त्या व्हीसीएला चालवायचा एक एन्व्हलप, ज्याची चढण सेकंदभराची ठेवायची. कळ दाबली की व्हीसीए बंद, स्वर स्थिर. एन्व्हलप चढतो तसा व्हीसीए उघडतो आणि आंदोलन हळूहळू भरतं. म्हणजे व्हीसीए इथे आवाज कमीजास्त करत नाही, ‘किती’ हा नॉबच फिरवतो. एक व्होल्टेज दुसऱ्या व्होल्टेजचं प्रमाण ठरवतं. पुढे हाच एन्व्हलप थोडासा एलएफओच्या वेगालाही दिला तर आंदोलन भरताना किंचित जलद होतं. मात्र व्हीसीए डीसी कपल्ड असायला हवा. काही व्हीसीए फक्त ऐकू येणाऱ्या आवाजासाठी बांधलेले असतात. त्यांच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि इतका संथ झोका त्यातून पलीकडे जातच नाही. केबल बरोबर, नॉब बरोबर आणि तरी काही होत नाही, असं झालं की आधी हे तपासा.

फिल्टरचं उदाहरण गोव्यात कुणाला वेगळं द्यायला नको. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवरून नव्वदच्या दशकात जगभर गेलेल्या गोवा ट्रान्समधली ती चिवट, वळवळणारी बेस लाइन सगळ्यांच्या कानात आहे. त्या आवाजाशी नाव जोडलेलं रोलँड टीबी-३०३ हे यंत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्याच्यावर पॅचिंगच्या केबलींचं जाळं नाही, जोडणी आत कायमची केलेली आहे. पण वरच्या नॉबांत एक आहे एन्व्ह मॉड. आत एन्व्हलपची वायर फिल्टरकडे गेलेली आहे आणि हा नॉब विचारतो, किती? कमी ठेवला तर प्रत्येक स्वर बोथट. वाढवला तर प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला फिल्टर झपकन उघडतो आणि बंद होतो, सोबत रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथे कापतो तिथला आवाज उठवणारा नॉब, चढवलेला असला की ती ओळखीची वळवळ येते. पहाटेपर्यंत चालणारी गाणी असे नॉब मिनिट-मिनिटभर सावकाश चढवत फुलवलेली आहेत. मॉड्युलरवर तेच करायचं तर एन्व्हलपची एक केबल व्हीसीएफच्या कटऑफच्या (कुठून वरचं कापायचं ते ठरवणाऱ्या) जॅकला, आणि शेजारचा ॲटेन्युएटर हाताखाली. इथे मात्र मिलिव्होल्ट मोजायची गरज नाही. फिल्टर दोन-चार व्होल्ट सहज पचवतो, कारण तीन सप्तकं उघडलेला फिल्टर बेसूर होत नाही. ‘किती’चं उत्तर कुठे पाठवतोय त्यावर असं बदलतं.

एलएफओचा वेग वाढवत सेकंदाला वीसच्या पुढे नेला तर कंप कंप राहत नाही. २२० हर्ट्झचा स्वर ५५ हर्ट्झने हलवला तर कानाला हलणं ऐकू येत नाही. २७५, १६५, ३३०, ११० असे नवे स्वर दोन्ही बाजूंना उगवतात आणि आवाजाचा पोतच बदलतो, बऱ्याचदा घंटेच्या अंगाने. एका व्हीसीओचा आवाज दुसऱ्याच्या पिचला देऊन हे करतात, त्याला एफएम म्हणतात. त्यात एक खोच आहे. एक व्होल्ट वर गेलं की २२० चे ४४० होतात, एक व्होल्ट खाली गेलं की ११०. वर २२० ची भर, खाली ११० चीच घट, म्हणून प्रमाण वाढवत नेलं की सरासरी वर सरकते आणि स्वर चढल्यासारखा ऐकू येतो. व्हीसीओवर लिनिअर एफएमचा जॅक असेल तर तो वापरावा, तिथे वर-खाली सारखेच हर्ट्झ बदलतात.

जोडणीतले चकवे

एका आउटमधून दोन इनकडे केबल नेली तर चालतं. दोन आउट एकमेकांना जोडू नयेत. त्यांची बेरीज होत नाही, ती एकमेकांशी झगडतात. बेरीज हवी तर मिक्सर. चुकून जोडली गेली तरी बहुतेक मॉड्यूलांच्या आउटमध्ये रोध असतो, सहसा काही जळत नाही, म्हणून पॅच करताना भीती नको. भीती बाळगायची ती मागच्या बाजूच्या वीजपुरवठ्याच्या चपट्या केबलीची. युरोरॅकमध्ये तिची लाल कडा उणे १२ व्होल्टकडे असते आणि ती उलटी लागली तर मॉड्यूल जाऊ शकतं. लावण्याआधी दोनदा बघा.

एक आउट दोन व्हीसीओंना दिल्यावर वरच्या सप्तकात स्वर उतरलेले वाटतात, खाली मात्र ठीक असतात. ही तक्रार वारंवार येते. सिक्वेन्सरच्या आउटमध्ये एक किलोओहमचा रोध आणि व्हीसीओच्या इनमध्ये शंभर किलोओहमचा असेल, तर एकाच व्हीसीओला देताना एक टक्का वाटेत जातो. तीन व्होल्टचे २.९७ होतात आणि ट्यूनिंग करताना ते आपण नकळत भरून काढलेलं असतं. दुसरा व्हीसीओ जोडला की जवळजवळ दोन टक्के जातात, २.९४ उरतात. फरक २९ मिलिव्होल्ट, म्हणजे अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. एक व्होल्टवर हाच फरक त्याच्या तिसऱ्या भागाएवढा, म्हणून खाली तितका जाणवत नाही. उपाय बफर्ड मल्टिपल. ते प्रत्येक शाखेला व्होल्टेज नव्याने, पूर्ण देतं.

जुनी यंत्रं जोडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. १९७८ सालचं कॉर्ग एमएस-२० एका व्होल्टला एक सप्तक मानत नाही. त्यात सप्तक चढायला व्होल्टेज दुप्पट करावं लागतं. युरोरॅकचा सिक्वेन्सर त्याला थेट लावला तर चाल ओळखूही येणार नाही, मध्ये रूपांतर करणारं मॉड्यूल लागतं.

यंत्र परवडत नसेल तर व्हीसीव्ही रॅक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात याच मापाची मॉड्यूलं आहेत, एक व्होल्टला एक सप्तक आणि अधिक-उणे पाचचा एलएफओ, त्यामुळे वरचे सगळे हिशेब त्यावर करून पाहता येतात. मी शिकवतानाही सुरुवात तिथूनच करून देतो.

सॉफ्टवेअरला नसलेली अडचण आपल्या हवेची आहे. एक व्होल्टला एक सप्तक हे गणित व्हीसीओच्या आत ट्रान्झिस्टर करतो. खोलीच्या तापमानाला त्याच्या बेसवरचं व्होल्टेज १८ मिलिव्होल्टने वाढलं की विद्युतप्रवाह दुप्पट होतो. पण हे १८ मिलिव्होल्ट तापमानाबरोबर हलतात, दर अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का. काहीच उपाय केला नाही तर मूळ स्वरापासून तीन सप्तकं दूरचा स्वर एका अंशाला बारा सेंट सरकेल. म्हणून चांगल्या व्हीसीओत तापमानाबरोबर बदलणारा रोध बसवलेला असतो आणि सरकणं फार कमी होतं, पूर्ण थांबत नाही. मे महिन्यात एसी लावून बसलात तर खोली थंड होईपर्यंत थांबा, यंत्र अर्धा तास चालू ठेवा आणि मग षड्ज लावा. मध्येच वीज जाऊन एसी बंद पडला तर ट्यूनिंग पुन्हा तपासावंच लागतं.

पावसाळ्यात आणि समुद्राजवळच्या घरांत जॅक काळवंडतात. आवाजाच्या केबलीत याची खरखर ऐकू येते आणि लगेच कळतं. कंट्रोलच्या केबलीत मात्र काहीच ऐकू येत नाही, नुसता स्वर मधूनमधून दहा-पंधरा सेंट हलतो आणि आपण व्हीसीओला दोष देत बसतो. केबलची टोकं कोरड्या कापडाने पुसावी, बराच काळ न वापरलेल्या जॅकमध्ये प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर करावा, गरज पडली तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. रॅक झाकून ठेवावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या आणि जून ते सप्टेंबर दर दोन-तीन दिवसांनी यंत्र तासभर सुरू ठेवावं. आतली ऊब ओल धरू देत नाही.